आत्या, पार्टी म्हणजे वाटा

आत्या, तू गेल्यापासून मला कुणी शब्द विचारलेला नाही.

शाळेत मुलं विचारतात, पण ती परीक्षेला येणार का, एवढ्यापुरतंच. तुझं विचारणं निराळं होतं. मुरबाडहून वैशाखऱ्याकडच्या एसटीने येऊन मी पायातल्या चपला काढतो न काढतो तोच पडवीतून तुझा आवाज यायचा, "काय मास्तर, आज कुठला शब्द दिला पोरांना?" मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि नजर खड्यांवर. मी दमलेला असेन, वैतागलेला असेन, तुला त्याचं काही नसायचं. शब्द दिल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

एकदा मी तुला विंडो दिला. म्हटलं, हा शब्द मुळात थंड मुलखातल्या लोकांचा, त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. तू सूप खाली ठेवलंस. मागच्या भिंतीकडे बघितलंस. "आपल्या घराला डोळा कुठं हाय रे? भोक हाय." आणि मग इतकी हसलीस की सुरेखा, म्हणजे माझी बायको, चुलीवरचं सोडून काय झालं ते बघायला बाहेर आली. त्या पावसाळ्यानंतर मी तिथे खिडकी बसवली. तू सगळ्यांना सांगत सुटलीस की इंग्रजीचा एवढा तरी उपयोग झाला.

पण तुझा खरा शब्द पार्टी. तो तू सोडला नाहीस, आणि त्याने मलाही सोडलेलं नाही. म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसलोय ते त्याच्याबद्दलच.

डोंगराकडच्या आपल्या माळाला गिऱ्हाईक आलं होतं, तो दिवस तुला माझ्यापेक्षा चांगला आठवत असणार. पांढरी गाडी अंगणात लागली. एजंट आधी उतरला आणि तुला म्हणाला, "मावशी, पाणी मिळेल का? पार्टी मुंबईची आहे, उन्हाची सवय नाही." तू पाणी आणलंस, गाडीत वाकून बघितलंस, आणि सरळ विचारलंस, "पार्टी एकटीच हाय? बाकीची कुठं उतरली?" गाडीतला माणूस बिचारा गोंधळला. त्याला वाटलं, जेवायला किती माणसं असं विचारतेस.

ते गेल्यावर तू मला धरलंस. भजनी पार्टी ठाऊक होती तुला. बँड पार्टी ठाऊक होती. निवडणुकीतली पार्टी ठाऊक होती आणि निवडणुकीआधीच्या रात्री नदीकाठी होते ती ओली पार्टीसुद्धा. "आणि आता ह्यो एकटा गडी पण पार्टीच. एका शब्दात इतकी माणसं राहतात तरी कशी रे? भांडत नसतील?"

वीस-पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत जाड शब्दकोश काढला. संध्याकाळी घरी आलो ते तुझ्या विचारण्याची वाट न बघता. म्हटलं, आत्या, ही सगळी एकाच घरची. जुन्या लॅटिनमध्ये तुकडे करणं, वाटून देणं, यासाठी जो शब्द होता त्याच्यापासून पार्ट आला, पार्टनर आला, पार्टिशन आलं, केसातला भांग म्हणजे पार्टिंग, तोही आला. पार्टी म्हणजे मुळात वाटा. वाटा ज्याचा आहे तो माणूस पार्टी. कोर्टातली पार्टी ती हीच. एका बाजूला उभे राहणाऱ्यांची पार्टी झाली ती त्याच्यातूनच. आणि जेवणखाण, मौजमजा हा अर्थ फार उशिरा चिकटला.

मला वाटलं होतं तू हसशील, काहीतरी खोचक बोलशील. तू सुपातला खडा उचलून अंगणात टाकलास आणि म्हणालीस, "म्हंजे वाटा असंल त्यानंच जेवाण घालायचं. बरोबरच हाय की."

मग थोड्या वेळाने, "मग मधू, मी कुठल्या पार्टीत?"

मी म्हटलं, "आमच्या." आणि चहा मागितला. प्रश्न कुठून कुठे चालला होता हे मला कळलं होतं, आत्या. कळलं नाही असं मी दाखवलं.

हे वाचणाऱ्यांतल्या सगळ्यांनाच आपल्याकडचे वाटे ठाऊक नसतील, म्हणून दोन शब्द लिहितो. भाताची झोडणी आटपली, दाणा घरात आला की आपल्या गावात गावदेवीला बोकड देतात. तो गावाने मिळून आणलेला असतो, म्हणून गावातच वाटायचा. देवळामागे सागाची पानं ओळीने मांडतात, एका चुलीला एक पान. मग प्रत्येक पानावर थोडं थोडं सगळं पडतं, मांस, काळीज, हाड, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. सख्खे भाऊ वेगळे झाले तर तलाठ्याकडे नोंद व्हायला वर्षं जातात, पण त्या वर्षी देवळामागे त्यांची दोन पानं पडतात आणि गाव समजतं. आपल्याकडे 'वेगळे झाले' असं म्हणतच नाहीत, 'पानं वेगळी झाली' असं म्हणतात. पान चुलीचं आणि चूल पुरुषाच्या नावाची. तू आमच्यात, म्हणून तुझा घास आमच्या पानात.

तू तानशाच्या बाजूला, शहापूर तालुक्यात दिलेली. नवरा गेला, मूल नव्हतं, दिरांनी वर्षभर धीर धरला आणि मग एक पेटी घेऊन तू परत आलीस. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. मला कळायला लागल्यापासून तू आहेसच. मला तू न्हाऊ घातलंस, पाढे म्हणून घेतलेस, कुंदा झाली तेव्हा आईचं बाळंतपण काढलंस. आबा, तुझा भाऊ आणि आमचा बाप, तुला कधी वाकडं बोलला नाही. घरात तुला काही कमी होतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

हेच वाक्य मी तुला ऐकवलं होतं, जेव्हा तू म्हणालीस, "मधू, औंदा माझं एक पान मागशील का?"

"तुला काय कमी आहे इथे?"

"कमी नाय रे. कमी असतं तर मागितलं नसतं, उठून गेले असते."

"मग?"

"वाढलेलं खाते मी. आईनं वाढलं, मग वैनीनं, आता सुरेखा वाढते. चांगली वाढते, उगाच का बोलू. पण एकदा मला पण कुणाला तरी 'ये जेवायला' असं बोलायचं हाय. तुझ्या घरात राहून तुलाच कशी बोलू, ये जेवायला?"

मी चिडलो. गाव काय म्हणेल, मास्तराने म्हातारीला बाहेर काढली म्हणेल, असं काहीतरी बोललो. तू म्हणालीस, "गावाची एवढी काळजी, तर गावालाच इच्यार." ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षीही तू विचारलंस आणि मी विषय बदलला. खरं सांगायचं तर तू मागत होतीस ते फार लहान होतं. म्हणूनच नाही म्हणणं सोपं होतं.

मग वकिलाने काम केलं. माळाचे कागद बघताना तो सहज म्हणाला, "आत्याबाईंना पार्टी करावं लागेल. वडिलांची सख्खी बहीण आहे, त्यांना वगळून खरेदीखत टिकणार नाही." मी हे घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा माझा सूर कटकट वाढल्याचाच होता. तू मात्र पेटीतलं जांभळं लुगडं काढलंस. मुरबाडला वकिलाच्या खोलीत पंख्याखाली बसलीस. त्याने मसुदा वाचला. तुझं नाव आलं, बापाचं नाव आलं, पार्टी नंबर तीन असं आलं. तू हात वर केलास.

"सायब, तेवढं परत वाचा."

"काही चुकलं का, आजी?"

"चुकलं नाय. परत वाचा."

त्याने वाचलं. तो व्यवहार पुढे झालाच नाही. मुंबईच्या माणसाला मोठ्या रस्त्याजवळ दुसरीकडे जागा मिळाली आणि एजंटाने फोन उचलणं बंद केलं. मी आठवडाभर तोंड पाडून होतो. तू म्हणालीस, "पार्टी पळाली तर पळू दे. एक पार्टी घरात हाय ना अजून?"

आणि त्या वर्षी, झोडणीनंतर, तू स्वतः देवळामागे आलीस.

तिथे बायका येत नाहीत. मज्जाव नाही कुणाचा, पण येत नाहीत. धर्माभाऊने पानं मांडली होती आणि तो शेवटचे वाटे घालत होता. त्याच्या बापानेही मांडली, आता तो मांडतो, कुठली चूल कुठे हे त्याच्या डोक्यात असतं. तू ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिलीस.

"धर्मा, एक पान माझं ठेव."

धर्माभाऊ बसल्या जागी वर बघत राहिला. "आत्या, पान चुलीला असतं. तुझी चूल कुठं हाय?"

"परसात तीन दगड मांडले सकाळी. राख पण हाय त्यात. जाऊन बघून ये."

कुणीतरी मागून बोललं, "काय मास्तर, आत्याला उपाशी ठेवताव काय?" सगळे हसले. मी जमिनीकडे बघत होतो. तुझ्या बाजूने एक शब्द बोलायचा होता मला, विरुद्ध बोलायलाही शब्द होता. मी दोन्ही गिळले. धर्माभाऊने मात्र एक पान उचललं, लुंगीला पुसलं आणि आमच्या पानाशेजारी ठेवलं. वाटे घालून झाले होते. अशा वेळी करायचं काय याची रीत आहे आपल्याकडे: उशिरा पान आलं तर प्रत्येक पानावरचा एकेक तुकडा उचलून नव्यावर घालायचा. म्हणजे तुझ्या पानावर त्या दिवशी सबंध गाव होतं. माझ्या पानावरचा तुकडा धर्माभाऊने उचलला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. 'बघ, किती सोपं होतं,' असं.

त्या संध्याकाळी तू सगळ्यांना जेवायला बोलावलंस. मी गेलो नाही. पोट दुखतंय म्हणून आत पडून राहिलो. परसातून मुलांचं हसणं ऐकू येत होतं, सुरेखाचं 'आत्या, तिखट झालंय हो' ऐकू येत होतं, तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता. मला वाटलं तू वाटीत घालून पाठवशील. तू पाठवलं नाहीस. सकाळी फक्त ओव्याचं पाणी आणून दिलंस, पोटासाठी. तुझ्या जागी मी असतो तर वाटी पाठवली असती आणि चार दिवस त्याची आठवणही करून दिली असती. पाहुण्याने स्वतःच्या पायाने यायचं असतं, हे तू मला न बोलता सांगितलंस, आणि शिवाय ओव्याचं पाणी दिलंस.

पुढच्या वर्षी मी आलो. दुपारपासून परसात घुटमळत होतो, तर तू हाकललंस, "अजून टाइम हाय, जा, बोलवेन तवा ये." मग बोलावलंस. चटईवर बसवलंस. माझ्या घराच्या परसात, माझ्याच चटईवर, तू मला आग्रह केलास आणि मी संकोचलो. चुलीपुढे तुझा चेहरा लाल झाला होता. इतक्या ऐटीत मी तुला कधीच बघितलं नव्हतं. मी शेवटचा घास तोंडात घातला आणि तू म्हणालीस, "कशी होती पार्टी?" मी हातानेच 'फक्कड' अशी खूण केली, बोलायला तोंड रिकामं नव्हतं. आत्या, तो रस्सा फार तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं ते सगळं तिखटाचं नव्हतं.

आता कुंदाचं.

माझी धाकटी बहीण कुंदा गेल्या वर्षी सासरहून परत आली. का आली हे मी इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, सकाळी लवकर निघते, येते ती थेट तुझ्या खोलीत. तुम्ही दोघी काय बोलायचात मला ठाऊक नाही. आबा गेल्यावर तिने हक्कसोडावर सही केली होती. सगळ्या बहिणी करतात तशी. मी कागद पुढे केला, तिने वाचलाही नाही, सुरेखाने साडी नेसवली आणि संपलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरात तुझ्यासारखी परत आलेली बाई डोळ्यासमोर वावरत असताना दिसलं नाही.

भाद्रपदात तुला ताप आला. दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नव्हती. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. मला वाटलं शब्द विचारशील. तू म्हणालीस, "मधू, कुंदीचं पान?"

मी म्हटलं, "बघू."

तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू पाणी मागितलंस, रामाचं नाव घेतलंस, सुरेखाला लुगडं कुठलं ते सांगितलंस. पण माझ्याशी शेवटचं जे बोलणं झालं ते हे. तू विचारलंस आणि मी बघू म्हणालो. किती शब्दांची मुळं मी तुला उकरून दिली. माझ्या या शब्दाचं मूळ तुला विचारायची गरजच नव्हती, तुला ते दिसत होतं.

तू गेल्यावर शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी इंग्रजीत श्रद्धांजली टाकली. त्यात तुला डिपार्टेड म्हटलं होतं. सुतकात बसल्या बसल्या माझं मास्तरपण जागं झालं. डिपार्ट, म्हणजे तोच तो वाटण्याचा शब्द. आधी त्याचा अर्थ वाटून देणं, वेगळं करणं असा होता, निघून जाणं नंतर आलं. डिपार्टमेंट त्याच घरचं, अपार्टमेंट त्याच घरचं. मी उठलो आणि तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तुला सांगायला. दारात उभं राहून मला आठवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हंजे मेलेल्याचा पण वाटा असतो व्हय?" आणि मी म्हणालो असतो, असतो बहुतेक. या घरात तरी तुझा फार मोठा राहिलाय.

गेल्या आठवड्यात झोडणी आटपली. देवीचा बोकड झाला. मी देवळामागे गेलो. धर्माभाऊने सवयीने आमच्या पानाशेजारी तुझं पान ठेवलं आणि मग त्याचा हात थांबला.

"मास्तर, आत्याचं आता उचलू ना? तुमच्यात धरतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. हसत कुणी नव्हतं.

"आत्याचं उचल," मी म्हटलं. "आमच्यात धरू नको. कुंदाचं ठेव."

"कुंदाची चूल?"

"चूल ती मांडेल. पान आधी ठेव."

मग एकजण बोललाच, "मास्तर, तुमच्या घरातल्या बाया एकेक करून येगळ्या होतात. फुडच्या वर्षी सुरेखावैनीचं पण ठेवायचं काय?"

"विचारून सांगतो," मी म्हटलं, आणि आत्या, मी हसलो. माझ्याबरोबर तेही हसले. धर्माभाऊने पान ठेवलं. इतकं साधं होतं ते. मला इतकी वर्षं लागली.

घरी आलो तर कुंदा नुकतीच कामावरून आली होती. मी पानाचा पुडा तिच्या हातात दिला.

"ह्ये काय?"

"तुझं."

"माझं कसलं? आमचं तर सुरेखावैनीकडं दिलंस ना?"

"ते आमचं. हे तुझं. धर्माभाऊने ठेवलं."

ती तशीच उभी राहिली. पुडा जड नव्हता, पण तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला एकटीला इतकं कशाला," आणि मग स्वतःच थांबली. पदर खोचला. सुरेखाला म्हणाली, "वैनी, आज तू आत येऊ नको. मसाला पण मी वाटणार."

अंधार पडायच्या आत तिने हाक मारली. मी जाऊन बसलो. ताट समोर आलं, पाण्याचा तांब्या राहिला होता म्हणून मी उठायला गेलो, तर ती म्हणाली, "बस दादा. पाहुण्यानं उठायचं नाय."

मी बसलो. पण तोंडात घास जाईना. वाटेत ठरवून आलो होतो, आणि जेवण झालं की माझं ठरलेलं विरघळतं हे मला माहीत आहे. म्हटलं, "कुंदा, सोमवारी सुट्टी काढ. माझ्याबरोबर मुरबाडला वकिलाकडे यायचंय. माळातला तुझा..."

"आधी जेव," ती म्हणाली. "मग बोल."

मी जेवलो. मग बोललो.